आगाशांचं श्रीपूर

गाळपाच्या दिवसांत श्रीपुरात शिरलं की मळीचा उग्र दरवळ आधी भेटतो, माणसं नंतर. माळशिरस तालुक्यातल्या या गावाशी चंद्रशेखर आगाशे यांचं नाव कायमचं जोडलेलं. १८८८ साली भोरला जन्मलेला हा वकील. १९३४ मध्ये त्यांनी बृहन्महाराष्ट्र शुगर सिंडिकेट काढली, तीही मंदीच्या काळात; श्रीपूरचा साखर कारखाना तिनेच उभारला. भांडवलासाठी अनोळखी माणसाला शेअर घ्यायला लावायचं तर आधी त्याच्या ओसरीवर बसावं लागतं. माणसांत रमणाऱ्याचंच हे काम!

पुण्याच्या बीएमसीसी या वाणिज्य महाविद्यालयाच्या नावातला ‘बृहन्महाराष्ट्र’ याच सिंडिकेटचा.

१९५६ मध्ये आगाशे गेले, तेव्हा मुलगा ज्ञानेश्वर जेमतेम चौदा वर्षांचा. पुढे तो महाराष्ट्राकडून रणजी खेळला, यष्टींमागे उभा राहून. वडिलांनी काही ते पाहिलं नाही.