न्हाणीतले पाणी, पाटातले पाणी

मंडळी, मी भाईंदरला राहते. तुम्ही म्हणाल, शहरातल्या बाईने आम्हा शेतकऱ्यांना न्हाणीच्या गोष्टी काय सांगायच्या? सांगते, कारण आमची न्हाणी आता शेताच्या पाटाला जोडली गेली आहे.

आमच्या एका अंगाला वसईची खाडी, दुसऱ्या अंगाला समुद्र. पाणी डोळ्यांना भरपूर, पण तोंडात घ्यावे तर खारट. इथे मिठागरे होती ती काही उगाच नव्हेत. 2011 च्या जनगणनेत मीरा-भाईंदरची वस्ती आठ लाखांवर गेली. एवढ्या माणसांना उल्हास नदीचे पाणी पुरेना, म्हणून सूर्या योजना आखली गेली. तिच्यात रोजचे 403 दशलक्ष लिटर पाणी धरले आहे. 218 आमच्या शहराला आणि 185 वसई-विरारला. हे पाणी पालघर जिल्ह्यातल्या धामणी धरणाचे. डहाणू, पालघर, विक्रमगडकडची शेती भिजावी म्हणून सूर्या प्रकल्प उभा राहिला होता. तिथले शेतकरी आणि आदिवासी या योजनेविरुद्ध उभे राहिले, यात नवल ते काय?

आता हिशेब पाहा. शहरात माणशी रोज 135 लिटर पाणी धरतात. त्यातले 55 लिटर नुसत्या आंघोळीचे आणि 30 संडासात ओतायचे. आणि 2019 साली सुरू झालेल्या जलजीवन मिशनने खेड्यातल्या माणसाला दिवसभराच्या सगळ्या कामांसाठी किती धरले? तेच, 55 लिटर! आमची आंघोळ आणि तुमचा अख्खा दिवस एका मापाचा झाला.

हा आकडा मनाला लागला. एकदा फवाऱ्याखाली बादली ठेवली, तर 15 लिटरची बादली दोन मिनिटांत भरली. तेव्हापासून आमच्याकडे आंघोळ बादली-तांब्यानेच. साबण लावताना आणि दात घासताना नळ बंद. संडासाच्या टाकीत लिटरभराची भरलेली बाटली बूच लावून ठेवली आहे. दर खेपेला तेवढे पाणी वाचते. नळ ठिबकला की त्याच दिवशी वायसर बदलायचा.

अशाने माणशी 20 लिटर वाचले, तर आठ लाख माणसांचे रोज 1 कोटी 60 लाख लिटर होतात. एक एकर दोन इंच भिजवायला साधारण दोन लाख लिटर लागतात. म्हणजे पाऊणशे एकरांची एक पाळी! वाचलेले पाणी आपोआप तुमच्या शेतात येणार नाही, हे मलाही कळते. पण शहराची तहान आवरली, तर उद्या आणखी एका धरणावर बोट ठेवायची वेळ लांबेल. म्हणून ही गोष्ट मी इथल्या शेजारणींनाही सांगत असते.

आणि तुम्हालाही एक सांगणे आहे. घरात नळ आला की पहिल्यांदा हात सैल सुटतो. बाहेरून आणलेल्या घागरीचे मोल मानेला कळत होते, ते नळाला कळत नाही. तेव्हा घंगाळ माळ्यावर टाकू नका. न्हाणीचे पाणी वाटेवर साचून डास होतात. ते परसात केळीला, अळूला, कर्दळीला वळवा. आणि लेकीसुनांबरोबर घरातल्या पुरुषांनाही बादली मोजायला लावा.