ठरलेला निकाल आणि खरी मान

निकाल आधीच ठरलेला असेल, तर परीक्षण कशाचे करावयाचे, हा प्रश्न जपानी व्यावसायिक कुस्तीच्या रसिकाला नेहमी विचारला जातो. प्रश्न रास्त आहे. परंतु पौराणिक नाटकाला बसणाऱ्यालाही शेवट ठाऊकच असतो. तो शेवट पाहावयास जात नाही, शेवटापर्यंतची वाट पाहावयास जातो.

जपानमध्ये ही कुस्ती रुजली ती १९५४ मध्ये. युद्धात हरलेल्या देशाने रिकिदोझान नावाच्या मल्लाला अमेरिकेहून आलेल्या शार्प बंधूंशी झुंजताना पाहिले, तेही रस्त्यावर मांडलेल्या दूरचित्रवाणी संचांभोवती गर्दी करून. राष्ट्राचा हा वीर जन्माने कोरियन होता आणि ते लपवून ठेवले गेले होते, ही गोष्ट मात्र गर्दीला ठाऊक नव्हती. त्याच्या शिष्यांपैकी जायंट बाबाने १९७२ मध्ये 'ऑल जपान' ही संस्था काढली.

या संस्थेचा जो सामना अभ्यासक पुन्हा पुन्हा लावून पाहतात, तो ३ जून १९९४ चा. स्थळ टोकियोचे निप्पॉन बुदोकान, मल्ल मित्सुहारु मिसावा आणि तोशिआकी कावादा. दोघे एकाच शाळेतले, कावादा एक वर्षाने मागे. धाकट्याचे आयुष्य त्या एका वर्षाचे अंतर भरून काढण्यात गेले, असे म्हटले तर फारसे चुकणार नाही. मिसावाची विजार हिरवी, कावादाची काळी-पिवळी. एवढे ध्यानी ठेवले की भाषा न कळताही कथा कळते.

सामना पस्तीस मिनिटांहून अधिक चालतो. आरंभी घाई नाही. कावादाच्या लाथा तिरस्काराच्या आहेत. समोरच्याला पाडण्यापेक्षा त्याला हिणवण्याकडे त्यांचा रोख अधिक. मिसावाचा चेहरा शेवटपर्यंत जवळजवळ कोरा राहतो. राग दिसतो तो त्याच्या कोपरात. खरी कसोटी येथे आहे: पहिल्या दहा मिनिटांत दुखावलेला अवयव तिसाव्या मिनिटालाही दुखतो आहे का? सामान्य मल्ल ते विसरतात, हे दोघे विसरत नाहीत. पंच 'दोन' मोजतो, खांदा उचलला जातो, आणि हजारो माणसे एकाच वेळी पाय आपटतात. अखेरीस मिसावा 'टायगर ड्रायव्हर ९१' हा डाव टाकतो. दोन्ही हात मागे अडकवून प्रतिस्पर्ध्याला मानेवर आपटणारा हा डाव त्याने अगदी क्वचित वापरला, म्हणूनच त्याची किंमत टिकली. माल दुर्मिळ ठेवण्याचे हे शहाणपण बाबाच्या पेढीला चांगले अवगत होते.

अमेरिकन पत्रकार डेव्ह मेल्ट्झर यांनी या सामन्याला पाच तारे दिले, आणि ते सार्थ आहेत. तरीही येथेच एक अवघड हिशेब उभा राहतो. निकाल ठरलेला असला तरी मान खरी असते. प्रेक्षकाला एक धोका सवयीचा झाला की पुढच्या वेळी त्याहून मोठा धोका द्यावा लागतो. त्या दशकाच्या उत्तरार्धातील सामन्यांत डोक्यावर आपटण्याचे प्रसंग वाढत गेलेले स्पष्ट दिसतात. परीक्षकांनी तारे वाढवले, तेव्हा ते कशाला वाढवत होते? कथेला की आघाताला? अनेक जुन्या परीक्षणांत हा भेद केलेलाच नाही. उत्तम सामन्यात तो करता येतो. १९९४ च्या त्या लढतीतले शेवटचे आपटणे वगळले तरी तिचा मोठेपणा फारसा उणा होत नाही. पुढच्या कित्येक सामन्यांविषयी असे म्हणवत नाही.

बाबा १९९९ मध्ये निवर्तला. पुढच्याच वर्षी मिसावाने बहुतेक मल्लांसह बाहेर पडून 'नोआ' ही स्वतःची संस्था उभारली. कावादा मात्र जुन्या घरातच राहिला. संस्था सांभाळायची म्हणजे अध्यक्षानेही आखाड्यात उतरायचे, कारण त्याच्या नावावर तिकिटे खपत. १३ जून २००९ रोजी हिरोशिमात, नेहमीचाच एक मागे उचलून टाकण्याचा डाव घेतल्यावर तो उठला नाही. वय ४६. शाळेपासूनचा तो प्रतिस्पर्धी पुढच्या वर्षी कुस्तीतून बाजूला झाला आणि त्याने टोकियोत एक उपाहारगृह उघडले.