शंभर टक्क्यांच्या वरचं पाणी

माती तपासणीच्या प्रयोगशाळेत चिकटले तेव्हा रसायनशास्त्राची पदवी गाठीशी होती आणि मातीचं ज्ञान शून्य. ठाणे-बेलापूर पट्ट्यातली ही छोटी प्रयोगशाळा. खाडीकाठच्या बांधकामांवरून लोखंडी नळ्यांत भरलेले नमुने इथे येतात. नोंदवही पुढ्यात आली आणि मी थबकले. एका नमुन्यासमोर लिहिलं होतं : ओलावा १०४ टक्के. शंभरातले एकशे चार भाग पाणी कसे असतील? आमच्या कॉलेजात असं उत्तर लिहिलं असतं तर सरांनी वही तोंडावर फेकली असती.

“काका, हे चुकलंय का?” मी विचारलं. काका म्हणजे इथले सगळ्यात जुने सहायक. खाजणात शेती केलेल्या घरातले, त्यामुळे चिखलाशी जन्माची ओळख.

“चुकलं नाही गं. आपण भागतो ते कोरड्या मातीच्या वजनानं, ओल्या नाही.”

म्हणजे शंभर ग्रॅम सुक्या मातीबरोबर १०४ ग्रॅम पाणी. हिशेब पटला, पण मन मानेना. इतक्या पाण्यात माती उभी कशी राहते? तेवढ्यात आमचे इंजिनियर सर जाता जाता म्हणाले, “ही तर आपली साधी मरीन क्ले, खाडीची चिकणमाती. पीट असती तर पाचशेसुद्धा आलं असतं.”

पीट हा शब्द मी फक्त नर्सरीतल्या पिशव्यांवर वाचला होता. मातीच्या वर्गीकरणाचं भारतीय मानक, आयएस १४९८, उघडलं. खडीपासून चिकणमातीपर्यंतच्या गटांच्या अगदी शेवटी पीट सापडली. अर्धवट कुजलेल्या वनस्पतींचा थर. पाणथळ जागी झाडंझुडपं मरून पडतात, पाण्याखाली हवा पोचत नाही, कुजवणारे जीवाणू मंदावतात आणि कुजणं अर्ध्यावर थांबतं. हा थर सर्वसाधारणपणे वर्षाला जेमतेम एक मिलिमीटर चढतो. म्हणजे मीटरभर पीट साठायला हजार वर्षं.

वाचून माझा गोंधळ वाढलाच. आमच्या नळ्यांतला गाळही काळाकुट्ट, सडक्या अंड्याच्या वासाचा, मधूनमधून खारफुटीची मुळं असलेला. मग ही पीट का नाही? सरांनी उत्तर दिलं नाही. “तूच करून बघ,” म्हणाले.

पहिली परीक्षा मुठीची. स्वीडनच्या लेनार्ट फॉन पोस्ट यांनी ती गेल्या शतकाच्या सुरुवातीला बसवली आणि आजही ती जगभर चालते. ओली पीट मुठीत घट्ट पिळायची. बोटांतून नितळ पाणी आलं तर पहिली पायरी, म्हणजे कुजणं जवळजवळ सुरूच झालेलं नाही. सगळाच लगदा बोटांतून निसटला तर दहावी. मधल्या पायऱ्या गढूळपणावरून ठरतात. इतकं काटेकोर शास्त्र आणि उपकरण काय, तर माणसाची मूठ! नर्सरीतून आयात पीट मॉसची पिशवी आणली, भिजवून पिळली, तर तपकिरी पाणी ठिबकलं आणि हातात धागे उरले. खाडीचा गाळ पिळला तर पाणी आलंच नाही, अख्खा गाळ साबणासारखा सटकला. धागा नाही, दोरा नाही.

भिजवतानाच एक नवल दिसलं. कडकडीत सुकलेली पीट पाणी पीत नाही! वरून ओतलेलं पाणी थेंब होऊन तसंच बसून राहिलं. एकदा मुरलं की मात्र ती स्वतःच्या सुक्या वजनाच्या कितीतरी पट पाणी धरते, कारण ही पीट ज्या स्फॅग्नम शेवाळाची बनते त्याच्या पानांत मेलेल्या, पोकळ पेशी असतात आणि त्या पाण्यानं भरतात. कुंड्यांसाठी जगभर तिला मागणी असते ती याचमुळे.

मग भट्टी. सुकवलेला नमुना क्रुसिबलमध्ये घालून ४४० अंशांवर तापवायचा. सेंद्रिय भाग जळून जातो, खनिज राहतं. नेहमीचं सुकवणं १०५-११० अंशांवर होतं, पण सेंद्रिय मातीला तेवढी आच सोसत नाही, ती करपू लागते, म्हणून तिच्यासाठी मानकात ६० ते ८० अंश सांगितलेत. भट्टी उघडली तेव्हा पीटच्या क्रुसिबलच्या तळाशी चिमूटभर राख होती. खाडीच्या गाळाचं वजन मात्र थोडंसंच उतरलं होतं आणि काळा रंग जाऊन तो विटकरी झाला होता.

मग तो काळेपणा कसला? लोखंडाचा. खाऱ्या चिखलात हवा नसते, तिथले जीवाणू समुद्राच्या पाण्यातल्या सल्फेटचं सल्फाइड करतात. त्यातून वास येतो आणि लोखंडाशी जुळून काळा रंगही येतो. नळीतून काढलेला गाळ नुसता टेबलावर ठेवला तरी वरून करडा-तपकिरी पडत जातो. इथे कुठे माझी रसायनशास्त्राची पदवी कामाला आली.

म्हणजे हवेची चणचण दोन्हीकडे आहे. फरक आहे तो गाळाच्या पुरवठ्यात. ठाण्याच्या खाडीत भरती-ओहोटी आणि नद्या सतत बारीक माती आणून टाकतात. पानं, मुळं त्यात पुरली जातात खरी, पण मातीच्या मानानं नगण्य. जिथे असा गाळ येत नाही तिथे खारफुटीसुद्धा पीट साठवते. मध्य अमेरिकेतल्या बेलीझच्या बेटांवर असे थर काही ठिकाणी दहा मीटरपर्यंत जाडीचे आहेत. आपल्याकडे निलगिरीच्या उंच दऱ्यांत पीट आहे, आणि तिच्यातल्या कार्बनवरून हजारो वर्षांपूर्वीच्या पावसाचा अंदाज बांधणारं संशोधन झालेलं आहे. कोलकात्याच्या पोटातही पीटचे थर आहेत. मुंबईतलं नवल आणखी निराळं. १८७०च्या दशकात प्रिन्सेस डॉक खणताना चिखलाखाली खैराचं अख्खं बुडालेलं वन सापडलं. कित्येक बुंधे मुळांसकट उभेच्या उभे होते.

“पण पीट आहे की नाही यानं बिल्डरला काय फरक पडतो?” हा माझा शेवटचा भाबडा प्रश्न. सरांनी इंग्लंडमधल्या होम फेनची गोष्ट सांगितली. तिथल्या दलदलीतलं पाणी उपसून शेती करायची ठरली. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात एक लोखंडी खांब पीटमधून थेट खालच्या चिकणमातीत असा रोवला, की त्याचं टोक जमिनीच्या पातळीला असावं. आज तो खांब सुमारे चार मीटर उघडा पडलाय. खांब वर आला नाही, जमीन खाली गेली. पाणी निघालं म्हणून पीट आक्रसली आणि हवा लागली म्हणून अर्ध्यावर थांबलेलं कुजणं पुन्हा सुरू झालं. साठलेला कार्बन हवेत गेला तो वेगळाच. जगाच्या जमिनीचा जेमतेम तीन टक्के भाग पीटचा आहे, पण त्यातला कार्बन सगळ्या जंगलांच्या झाडांत मिळून असलेल्या कार्बनपेक्षा जास्त आहे. आयर्लंडच्या बोर्द ना मोना या सरकारी कंपनीनं २०२१ साली पीट काढणं कायमचं थांबवल्याचं जाहीर केलं, त्यामागे हेही कारण आहे.

आपली मरीन क्ले इतकी दगाबाज नाही, पण दबते तीही. भराव टाकला की तिच्यातलं पाणी वर्षानुवर्षं हळूहळू निघत राहतं. ते लवकर निघावं म्हणून गाळात उभ्या निचरा-पट्ट्या खुपसतात आणि वर मातीचा भार ठेवतात. नवी मुंबईत, विमानतळाच्या जागेवरसुद्धा, हा उपाय केलेला आहे. इमारतींच्या पायाचे खांब, म्हणजे पाइल, मात्र थेट खालच्या खडकात टेकवतात.

आता खाडीकाठच्या एखाद्या सोसायटीत गेले की माझं लक्ष आधी लॉबीच्या पायऱ्यांकडे जातं. बऱ्याच ठिकाणी खालची पायरी नंतर जोडलेली दिसते, फरशी वेगळी, सिमेंट वेगळं. रहिवासी म्हणतात, बिल्डरनं पायरी उंच ठेवली. इमारत खडकावर उभी आहे, ती जागची हललेली नाही. भोवतालचं अंगण गाळावर आहे आणि त्यातलं पाणी अजून निघतंय.