चार हात पुढची वाट

बारामती ते इंदापूर हे अंतर सुमारे पन्नास किलोमीटरचे. मोटारीने तासाभराचा प्रवास. धान्याच्या घाऊक व्यापारानिमित्त मी वीस वर्षे या रस्त्याने ये-जा केली. रस्ता तोंडपाठ आहे, असा माझा समज होता. गेल्या माघात एका आर्यिका माताजींच्या विहारात पायी चाललो आणि तो समज गळून पडला.

सूर्योदयानंतर आम्ही बारामती सोडली. ईर्यासमितीच्या नियमाप्रमाणे माताजींची दृष्टी चार हात पुढच्या जमिनीवर, पाय अनवाणी, हाती मोरपिसांची पिच्छी. काटेवाडीच्या अलीकडे त्या एकाएकी थांबल्या. गाडीतून पडलेल्या उसाच्या कांडीकडे मुंग्यांची रांग चालली होती. पिच्छी सावरून त्या वळसा घालून पुढे गेल्या. मुखातून शब्द नाही. अशा किती रांगांवरून माझी चाके गेली असतील!

याच वाटेने आषाढी वारीत तुकोबांची पालखी सणसर, निमगाव केतकी येथे मुक्काम करीत इंदापुरास जाते. वारकऱ्यांना आणि आपल्या त्यागीजनांना जे उमगले, ते आपणा व्यापाऱ्यांच्या घाईत निसटले.

दुसऱ्या दिवशी, शेठ वालचंद हिराचंद यांच्या नावाने वसलेल्या वालचंदनगरचा फाटा मागे पडल्यावर, एका झाडाखाली माताजींचे दुपारचे सामायिक सुरू झाले. सामायिकाचा किमान अवधी दोन घटिका, म्हणजे ४८ मिनिटे. समोरच माझ्या एका जुन्या गिऱ्हाइकाचे किराणा दुकान होते. एरवी गाडी सुरू ठेवूनच मी त्यांच्याकडून हिशेबाची चिठ्ठी घेत असे. त्या दिवशी प्रथमच त्यांच्या बाकावर बसलो. पाण्याचा तांब्या त्यांनी डाव्या हाताने पुढे केला. उजवा हात वर्षभरापूर्वी अर्धांगवायूने गेलेला. चिठ्ठ्या तेव्हापासून नात लिहीत होती. वर्षभर त्या चिठ्ठ्यांवरील आकडे मी तपासले. अक्षर बदलल्याचे ध्यानातही आले नाही.

आपला धर्म सृष्टिकर्ता ईश्वर मानत नाही. परमात्मा होण्याची शक्ती प्रत्येक जीवात आहे, असे सांगतो. मग देवदर्शन केवळ मंदिरातच कसे घडेल? ते मुंगीच्या रांगेत घडते, गिऱ्हाइकाच्या थरथरत्या हातातही घडते. पाहणाऱ्याची गती तेवढी मंद हवी.

आजही मी त्या रस्त्याने मोटारीनेच जातो. व्यापार सुटलेला नाही. मात्र त्या दुकानापुढे आता गाडी बंद करतो आणि बाकावर बसतो. हिशेब नंतर होतो.