पाव सेकंदाचा हिशेब

स्क्रीन हिरवी झाली रे झाली की क्लिक करायचं! हा गेम तुम्हीही कधीतरी खेळला असाल. २०० ते २५० मिलिसेकंदांत क्लिक झालं, तर तुम्ही अगदी नॉर्मल.

पण हा नुसता टाइमपास नाही. याचं नाव रिअॅक्शन टाइम, आणि मेंदूच्या तपासणीत तो सिरियसली मोजतात. डाँडर्स या डच शास्त्रज्ञाने १८६८ मध्येच दाखवलं, की एका इशाऱ्याला उत्तर देण्यापेक्षा दोनांतून निवड करायला जास्त वेळ लागतो. मधला फरक म्हणजे विचार करायचा वेळ!

मी यवतमाळचा, त्यामुळे हा विषय निघाला की मला कपाशी आठवते. २०१७ च्या पावसाळ्यात फवारणी करताना जिल्ह्यात वीसहून जास्त जणांचा जीव गेला, शेकडो दवाखान्यात पोचले. आमच्याकडे कीटकनाशकाला ‘औषध’च म्हणतात, काय बोलणार! यातली ऑर्गनोफॉस्फेट गटातली औषधं नसांमधलं एक एन्झाइम बंद पाडतात. एका नसेने दुसरीला दिलेला निरोप मग वेळेवर पुसलाच जात नाही. गोंधळ तिथूनच सुरू.

गेलेल्यांचा आकडा पेपरात येतो. पण जे वर्षानुवर्षं पाठीवर पंप घेऊन फिरतात, त्यांचं काय? जागतिक आरोग्य संघटनेने १९८० च्या दशकात रसायनांत काम करणाऱ्यांसाठी चाचण्यांचा एक संच सुचवला. त्यात रिअॅक्शन टाइमही आहे. कारण साध्या बोलण्या-चालण्यात न दिसणारी मंदी यात पकडता येते.

अर्थात एका क्लिकवरून निदान होत नाही. झोप, वय, दारू, सगळ्याचा परिणाम होतो. म्हणून पुन्हा पुन्हा मोजायचं, सरासरी काढायची, चढउतार बघायचे. आणि मुख्य म्हणजे त्या माणसाचा आधीचा आकडा हवा.

गावातले माझे एक काका म्हणतात, “आता पयल्यासारखा हात चालत नाही बाप्पा.” वय, की फवारणी? आधीचा आकडाच नाही, तर तुलना कशाशी करणार?

आपल्याला कंपनी वर्षातून एकदा फुल बॉडी चेकअप करून देते. फवारणीच्या सीझनआधी मजुरांसाठी गावात एक लॅपटॉप, एक शिकलेला माणूस आणि प्रत्येकी दहा मिनिटं, एवढं मागणं जास्त आहे का?