ती खुर्ची कोणी पुसायची?



यंदा २० मार्चला आम्ही महाडला गेलो होतो. सोबत अकरा महिन्यांची लेक आणि आई. चवदार तळ्यावर अभिवादन केलं, पुस्तकांचे स्टॉल पाहिले आणि परतताना हायवेवरच्या एका हॉटेलात जेवायला थांबलो. लेक आता मांडीवर बसून कुणाला जेवू देत नाही. म्हणून लहान मुलांची उंच खुर्ची मागितली.

खुर्ची आली ती बेसिनजवळच्या कोपऱ्यातून. ट्रेवर वाळलेल्या वरणाचा थर, पट्ट्याच्या खाचेत भाताची शितं, बैठकीखाली चिकट राप. वेटर पोराने टेबल पुसायचं फडकं त्यावरून फिरवलं. घाण गेली नाही, फक्त पसरली. या वयाचं मूल ताटातलं कमी आणि ट्रेवर सांडलेलं जास्त खातं, पट्टा चघळतं. मोठ्यांची टेबलं मात्र लखलखीत होती.

आमचा आवाज चढला. "अरे, दिसत नाही का तुला?"

पोरगा खाली मान घालून म्हणाला, "साहेब, आमच्याकडे साबण नसतो. तो मागे भांडीवाल्यांकडे."

मॅनेजरला बोलावलं. तो म्हणाला, "खुर्च्या धुवायचं काम झाडूवाल्या मावशींचं. त्या सकाळीच येऊन गेल्या."

शेवटी आमच्यापैकी एकाने पिशवीतला ओला रुमाल काढला. दुसऱ्याने हात धरला. "आपण का पुसायचं? पैसे देतोय ना? पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्यांची घाण काढली, ती कमी पडली का?"

इतका वेळ गप्प असलेली आई तेव्हा बोलली. तिचे वडील गावच्या हॉटेलात चहा प्यायचे तो बाहेर उभं राहून. त्यांची कपबशी वेगळी, बाहेरच्या कोनाड्यात ठेवलेली. चहा प्यायचा, कपबशी स्वतः धुवायची आणि पालथी घालून जागेवर ठेवायची. "पैसे ते पण द्यायचे रे," आई म्हणाली.

आम्ही दोघंही गप्प झालो. मुद्दा खरा होता. पण मग ज्या पोरावर आम्ही ओरडलो, त्याचं काय? तासाभरापूर्वी समतेच्या घोषणा दिलेल्या त्याच तोंडाने आम्ही त्याच्यावर ओरडलो होतो. आपण गिऱ्हाईक झालो की हुकूम सोडायची खुर्ची आपल्यालाही आवडू लागते. हे मान्य करायला जड जातं, पण मान्य केलं पाहिजे.

आता त्या हॉटेलातली कामाची वाटणी पाहा. टेबल वेटरचं, ताट भांडीवाल्याचं, फरशी मावशींची. लहान मुलाची खुर्ची ना टेबल, ना ताट, ना फरशी. म्हणून ती कुणाचीच नाही. बाबासाहेबांनी १९३६ साली 'जातिप्रथेचे विध्वंसन'मध्ये दाखवून दिलं की जात नुसती कामं वाटत नाही, ती काम करणाऱ्या माणसांनाच वरखाली रचते. ज्या समाजात साफसफाई हे खालच्या माणसाचं काम मानलं जातं, तिथे घाण दिसली की माणूस आधी फडकं शोधत नाही, खालचा माणूस शोधतो. आम्हीही तेच केलं.

आणि या समाजाची स्वच्छतेची कल्पना तरी काय? १९२७ साली आपल्या माणसांनी चवदार तळ्याचं पाणी प्यायल्यावर सनातन्यांनी ते 'शुद्ध' केलं. कशाने? शेण, गोमूत्र, दूध, दही घातलेल्या १०८ घागरी ओतून! शुद्धी आणि स्वच्छता यांचा एकमेकींशी संबंध नाही, हे याहून स्पष्ट कोण सांगणार? शुद्धीला मंत्र पुरतो. स्वच्छतेला साबण लागतो, पाणी लागतं आणि हात लागतात.

आम्ही मॅनेजरकडे साबण आणि गरम पाणी मागितलं. थोडी कुरकुर झाली, पण मिळालं. त्या पोराने ट्रे काढून घासला, आम्ही पट्टा आणि खाचा घासल्या, कोरड्या कापडाने पुसून घेतल्या. दहा मिनिटं लागली. कामाचे दहा मिनिटांचे पैसे त्या पोराला मिळतात का, हे मॅनेजरला विचारलं. त्याने उत्तर दिलं नाही. तक्रारवहीत लिहिलं: वेटरचा दोष नाही. साबण आणि माणसं पुरवणं मालकाचं काम आहे.

आता आम्ही पिशवीत साबणाच्या पाण्याची छोटी बाटली, दोन सुती फडकी आणि ट्रेवर अंथरायला धुता येणारी चटई ठेवतो. नुसतं सॅनिटायझर मारून उपयोग नाही, वाळलेला थर आधी घासूनच काढावा लागतो. बसवण्याआधी पट्टा लागतो का, खुर्ची डुगडुगते का, तेही पाहतो. दाद मिळाली नाही तर फोटो काढून अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार करता येते. अन्न परवान्याचा चौदा अंकी क्रमांक हॉटेलात लावलेला असतो, तो टिपून घ्यावा.

संविधानाच्या कलम १५(२) मुळे आपली लेक त्या हॉटेलात आत बसून जेवते. आईच्या वडिलांना तो हक्क कागदावर मिळाला तरी गावात मिळाला नाही. त्यांच्यावर कपबशी धुण्याची सक्ती होती. आमच्यावर कुणाची सक्ती नाही. म्हणूनच निघताना आम्ही लेकीने सांडलेला भात उचलला आणि ट्रे पुसून ठेवला. तिच्यानंतर त्या खुर्चीत कुणाचं तरी लेकरू बसणार होतं. कुणाचं, हे आम्हाला विचारायचं नव्हतं.

जय भीम!