हुकूमनाम्यानंतरची वसुली

दिवाणी दावा जिंकलेला मनुष्य न्यायालयाच्या पायऱ्या ज्या समाधानाने उतरतो, ते समाधान किती अल्पायुषी असते, हे त्याला पुढील काही महिन्यांतच उमगते; कारण प्रतिवादीने अमुक रक्कम अमुक व्याजासह द्यावी असा हुकूमनामा हाती पडला, तरी ती रक्कम प्रतिवादीने कोठे ठेवली आहे, हे त्या हुकूमनाम्यात कोठेही लिहिलेले नसते. दरभंगा राजच्या एका प्रकरणात प्रिव्ही कौन्सिलने १८७२ सालीच असा अभिप्राय नमूद करून ठेवला होता की, हिंदुस्थानातील पक्षकाराच्या अडचणींना खरा आरंभ होतो तो हुकूमनामा मिळाल्यावर. त्यानंतर दीड शतक उलटले, राज्यकर्ते बदलले, १९०८ ची दिवाणी प्रक्रिया संहिता अनेकवार दुरुस्त झाली. आणि तरीही सर्वोच्च न्यायालयाने २०२५ साली उच्च न्यायालयांकडून माहिती मागविली, तेव्हा हुकूमनाम्यांच्या अंमलबजावणीसाठी देशात प्रलंबित असलेल्या दरखास्तींची संख्या ८ लाख ८० हजारांहून अधिक भरली.

माझी वकिली म्हैसुरात चालते आणि माझे बहुतेक अशील हेब्बाळच्या औद्योगिक वसाहतीतील आहेत. बेंगळुरूच्या हेब्बाळशी ज्याची नेहमी गल्लत होते, ते हे हेब्बाळ नव्हे. म्हैसूर शहराच्या वायव्येस मेटगळ्ळी आणि हूटगळ्ळी यांच्या शेजारी वसलेले, एका बाजूस इन्फोसिसचे विस्तीर्ण संकुल व दुसऱ्या बाजूस लेथ, मिलिंग, प्रेस टूल, प्लास्टिक मोल्डिंग, पावडर कोटिंग अशी कामे करणाऱ्या लहानलहान शेडांच्या रांगा असलेले हे हेब्बाळ होय. येथील शेडमालक मोठ्या कारखान्याला किंवा मधल्या ठेकेदाराला माल पुरवितो, बिल लावतो आणि वाट पाहत बसतो. थकलेली रक्कम कारखानदाराच्या दृष्टीने किरकोळ असली, तरी शेडमालकाच्या दृष्टीने तीच त्याचा कच्चा माल, कामगारांचा पगार आणि बँकेचा हप्ता असते. अशा लोकांची वसुली करीत असताना माझी जी धारणा दृढ झाली, ती मी आरंभीच सांगून टाकतो : वसुलीचे सामर्थ्य माहितीत असते, दंडेलीत नसते, आणि ही माहिती कायद्याच्या मार्गाने मिळविण्याची जी साधने संहितेने दिली आहेत, ती आपण वापरीत नाही, हेच आपल्या दिवाणी न्यायाचे मोठे दुर्दैव आहे.

बँकेतील शिल्लक म्हणजे खातेदाराने सांभाळावयास दिलेली वस्तू, असा सर्वसाधारण समज असतो. कायदा तसे मानीत नाही. फोली विरुद्ध हिल या खटल्यात इंग्लंडच्या हाउस ऑफ लॉर्ड्सने १८४८ साली ठरविले, आणि आपल्या न्यायालयांनीही तेच तत्त्व स्वीकारले, की खात्यात भरलेला पैसा बँकेचा होतो व बँक त्या रकमेपुरती खातेदाराची ऋणको ठरते. पुढची सारी रचना या एका तत्त्वावर उभी आहे. ज्याने माझ्या अशिलाचे देणे थकविले, त्याचेच येणे बँकेकडे आहे. तेव्हा ते त्याच्या हाती न देता बँकेने न्यायालयात भरावे, असे न्यायालय बँकेस फर्मावू शकते. बँक येथे तिऱ्हाईत असून कायद्याच्या भाषेत तिला गार्निशी म्हणतात. संहितेच्या आदेश २१ मधील नियम ४६ अन्वये आधी मनाई हुकूम निघतो, म्हणजे बँकेने खातेदारास पैसा देऊ नये व खातेदाराने तो घेऊ नये. आणि १९७६ च्या दुरुस्तीने त्या नियमामागोमाग जे नवे नियम घातले गेले व १ फेब्रुवारी १९७७ पासून अमलात आले, त्यांनुसार बँकेस नोटीस जाते की, हुकूमनामा व खर्च भागेल एवढी रक्कम न्यायालयात भरा, अन्यथा हजर होऊन कारण दाखवा. बँकेने पैसेही भरले नाहीत व कारणही दाखविले नाही, तर तो आदेश खुद्द बँकेविरुद्ध हुकूमनाम्यासारखा बजावता येतो. आणि तिने पैसे भरले, तर खातेदाराच्या ऋणातून ती तेवढ्यापुरती पूर्णतः मुक्त होते.

परंतु हे सारे तेव्हा, जेव्हा खाते कोणत्या बँकेच्या कोणत्या शाखेत आहे हे धनकोस ठाऊक असते. खातेदाराची गोपनीयता सांभाळणे हे बँकेचे कर्तव्य असल्यामुळे ती कोणत्याही त्रयस्थास ही माहिती देत नाही, आणि देऊही नये. एखाद्या कारकुनाचे हात ओले करून किंवा खातेदाराचे सोंग घेऊन ती काढणारे लोक बाजारात असतात. मी माझ्या अशिलांना त्यांच्या सावलीसही उभे राहू देत नाही, कारण चोरून आणलेली माहिती वसुलीपेक्षा फौजदारीचीच वाट लवकर दाखविते. आणि तशी गरजही नसते. बहुतेक वेळा ही माहिती धनकोच्या स्वतःच्या दप्तरातच पडून असते.

ऋणकोने पूर्वी कधी दिलेला एखादा धनादेश घ्या. दर्शनी भागावर बँक, शाखा व खाते क्रमांक छापलेला असतो. खालच्या पांढऱ्या पट्टीवर चुंबकीय शाईत जो नऊ अंकी संकेतांक असतो, त्याचे पहिले तीन अंक शहराचे, मधले तीन बँकेचे व शेवटचे तीन शाखेचे असतात. म्हैसूरचे शहर-अंक ५७०, पुण्याचे ४११, मुंबईचे ४००. धनादेश न वटता परत आला असेल, तर त्यासोबतच्या मेमोवर शिल्लक अपुरी आहे की खातेच बंद केले आहे, हे लिहिलेले असते, आणि या दोन शेऱ्यांत वसुलीच्या दृष्टीने जमीन-अस्मानाचे अंतर आहे. हल्ली धनादेश कमी झाले. पैसा एनईएफटी किंवा आरटीजीएसने येतो. तरीही धनकोच्या स्वतःच्या खातेउताऱ्यात त्या जमेपुढे पाठविणाऱ्या बँकेचा संकेत उमटलेला असतो व त्यावरून बँक ओळखता येते. याखेरीज ऋणको स्वतः जी बिले आपल्या गिऱ्हाइकांस पाठवितो, त्यांच्या तळाशी पैसे कोणत्या खात्यात भरावेत हे तो स्वहस्ते लिहून देतो. व्यवहारात असे बिल सहज हाती येते आणि ते बहुधा त्याच्या आजच्या, चालत्या खात्याचे असते. ऋणको कंपनी असेल, तर २०१३ च्या कंपनी कायद्याप्रमाणे तिने मालमत्तेवर निर्माण केलेल्या बोजांची नोंद निबंधकाकडे करावी लागते, आणि ती नोंद शुल्क भरून कोणालाही पाहता येते. जी बँक कर्ज देते, तिच्याकडेच कंपनीची मुख्य उलाढाल असण्याचा संभव फार.

हेब्बाळसारख्या ठिकाणी आणखी एक गोष्ट विसरू नये. गार्निशी बँकच असली पाहिजे असे नाही. मधल्या ठेकेदाराने माझ्या अशिलाचे पैसे बुडविले, पण त्याच ठेकेदाराचे बिल पलीकडच्या मोठ्या कारखान्याकडे मंजूर होऊन पडले आहे, अशी स्थिती येथे नित्य आढळते. तेव्हा तो कारखानाच गार्निशी होतो. खाते एका रात्रीत रिकामे करता येते. कारखान्याच्या लेखा विभागात मंजूर झालेले बिल ऋणकोला तसे हलविता येत नाही.

खात्याचा पत्ता लागला, म्हणजे ते कोणाचे हा प्रश्न येतो. एकल मालकीच्या धंद्याचे नाव काहीही असो, त्याचे खाते मालकाचेच असते. भागीदारी संस्थेविरुद्धचा हुकूमनामा संस्थेच्या मालमत्तेवर आणि, संहितेतील अटी पाळून, भागीदारांवरही बजावता येतो. कंपनी मात्र कायद्याच्या दृष्टीने स्वतंत्र व्यक्ती आहे. कंपनीच्या देण्यासाठी संचालकाचे खाते जप्त करावयास जाणारा धनको रिक्त हस्ते परततो. पती-पत्नींचे संयुक्त खाते एकट्या पतीविरुद्धच्या हुकूमनाम्यासाठी सरसकट अडकवून ठेवता येत नाही. कॅश-क्रेडिट खात्यात दहा लाखांची मर्यादा मंजूर असली, तरी न उचललेले कर्ज म्हणजे बँकेचे देणे नव्हे. तेथे जप्त करण्यासारखे काही नसते. शिवाय ऋणको बँकेचाच कर्जदार असेल, तर बँक आपली येणी आधी वळती करून घेण्याचा हक्क सांगते, आणि तो पुष्कळदा मान्य होतो.

वेळेचे महत्त्वही तितकेच. न्यायालयाचा आदेश ज्या क्षणी शाखेत पोहोचतो, त्या क्षणीच्या शिल्लकेस तो लागू पडतो; दुसऱ्या दिवशी जमा झालेल्या रकमेसाठी पुन्हा अर्ज करावा लागतो. प्राप्तिकर खात्यास १९६१ च्या कायद्याच्या कलम २२६(३) ने पुढे जमा होणाऱ्या रकमांवरही हात टाकण्याचा अधिकार दिला. सामान्य धनकोस ती सवलत नाही. म्हणून मोठे कारखाने महिन्याच्या ज्या तारखांना पुरवठादारांची देणी चुकवितात, त्या तारखा मी माझ्या अशिलांकडून आधी समजून घेतो आणि मनाई हुकूम त्या सुमारास बजावला जाईल अशी खटपट करतो. न्यायालयाच्या अमिनाच्या, म्हणजे बेलिफाच्या, हाती पडलेला कागद आठ दिवस पुढेमागे झाला, तर त्याच कागदाने दोन लाख हाती येतात किंवा दोनशे रुपये.

ऋणको म्हैसूरचा नसून पुण्याचा असेल, तर हुकूमनामा आधी तेथील न्यायालयाकडे वर्ग करून घ्यावा लागतो. लवादाच्या निवाड्यास मात्र ही यातायात नाही. सुंदरम फायनान्स प्रकरणी सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली निर्णय दिला की, जेथे ऋणकोची मालमत्ता आहे तेथील न्यायालयात निवाड्याची दरखास्त थेट दाखल करता येते. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्याखाली नोंदणी केलेल्या शेडमालकास याचा विशेष लाभ होतो, कारण थकबाकीच्या वादात त्या कायद्याखालील सुविधा परिषदेने दिलेला निवाडा लवादाचाच निवाडा ठरतो. या कायद्याप्रमाणे खरेदीदाराने फार तर ४५ दिवसांत पैसे दिले पाहिजेत, अन्यथा रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ होणारे व्याज त्याच्यावर चढते. आणि सुविधा परिषदेच्या निवाड्यास आव्हान द्यावयाचे, तर ७५ टक्के रक्कम आधी भरावी लागते. हेब्बाळमधील कितीतरी लोकांनी नोंदणीचे प्रमाणपत्र भिंतीवर लावले आहे. त्यात काय शक्ती आहे, हे त्यांना कोणी सांगितलेले नसते.

आता त्या साधनाकडे येतो, ज्याची उपेक्षा मला सर्वाधिक खुपते. पैशाचा हुकूमनामा तीस दिवस अतृप्त राहिला, तर ऋणकोने आपल्या साऱ्या मालमत्तेचे शपथपत्र दाखल करावे, असा आदेश न्यायालय आदेश २१ च्या नियम ४१ अन्वये देऊ शकते. तो मोडल्यास तीन महिन्यांपर्यंत दिवाणी कारावासाची तरतूद आहे. ज्याला सारे ठाऊक आहे त्यानेच शपथेवर सांगावे, याहून सरळ मार्ग कोणता? तरीही दरखास्तीमागून दरखास्ती जंगम मालाच्या जप्तीसाठी दाखल होतात, अमीन जुनी खुर्ची व बंद पंखा लिहून आणतो, आणि वर्षे जातात. बेंगळुरूतील जमिनीच्या वादातून उद्भवलेल्या राहुल शहा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २२ एप्रिल २०२१ रोजी निर्देश दिले की, दरखास्त सहा महिन्यांत निकालात काढावी, आणि पैशाच्या दाव्यात वादप्रश्न काढण्यापूर्वीच प्रतिवादीस मालमत्ता शपथेवर उघड करावयास सांगता येईल. हे निर्देश प्रत्येक तालुका न्यायालयात रोजच्या व्यवहारात उतरतील, तर आज दहा वर्षे चालणाऱ्या किती वसुल्या एका वर्षात आटोपतील!

मी धनकोंचा वकील असलो, तरी हे सामर्थ्य निरंकुश असावे असे मला वाटत नाही, आणि मराठी मनुष्यास तर हे वेगळे सांगण्याचे कारण नाही. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांचे कर्जरोखे जाळले, ते हुकूमनाम्यांच्या निर्दय अंमलबजावणीने होरपळल्यामुळे. आणि सरकारास १८७९ साली दख्खन शेतकरी संरक्षण कायदा करून शेतकरी ऋणकोचा कारावास थांबवावा लागला. संहितेचे कलम ६० त्याच शहाणपणाचे अपत्य आहे. स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, कारागिराची हत्यारे, शेतकऱ्याची औते व बियाणे, मजुराची मजुरी, भविष्य निर्वाह निधी आणि धर्माचारानुसार स्त्रीस अंगावरून उतरविता न येणारे अलंकार यांना जप्ती शिवत नाही. पगाराचे पहिले एक हजार रुपये व उरलेल्याचे दोन-तृतीयांश सुरक्षित असतात. म्हणजे ४० हजार पगार असलेल्याचे २७ हजार त्याच्याकडेच राहतात, १३ हजारच घेता येतात, आणि तेही एका हुकूमनाम्यासाठी जास्तीत जास्त चोवीस महिने. निवृत्तिवेतन व उपदान मुदत ठेवीत गुंतविले म्हणून त्यांचे संरक्षण संपत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने राधेश्याम गुप्ता प्रकरणी स्पष्ट केले आहे. आणि देण्याची ऐपतच नसलेल्यास केवळ देणे फिटले नाही म्हणून तुरुंगात धाडणे हे संविधानाशी विसंगत आहे, हे न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी जॉली जॉर्ज वर्गीस प्रकरणात १९८० साली सांगून ठेवले आहे.

असमर्थ ऋणको आणि लबाड ऋणको यांत भेद करावयाचा, तर त्यालाही माहितीच लागते. मालमत्तेचे खरे शपथपत्र समोर असेल, तर असमर्थास न्यायाधीश सुलभ हप्ते बांधून देईल आणि लबाडाचे खाते त्याच दिवशी गोठवील. ते नसेल, तर दोघांवर सारखेच वॉरंट निघते, लबाड ते चुकवितो व असमर्थ त्यात सापडतो. म्हणून धंदा करणाऱ्या प्रत्येकास माझे आग्रहाचे सांगणे आहे की, नव्या गिऱ्हाइकास पहिला माल पाठविण्यापूर्वी त्याचा रद्द केलेला धनादेश, त्याच्या धंद्याचे कायदेशीर स्वरूप आणि वस्तू व सेवा कराचा नोंदणी क्रमांक आपल्या फायलीत लावावा, आणि दर वर्षी ते कागद ताजे करावेत. हुकूमनाम्यास बारा वर्षांची मुदत आहे. ती वाया दवडू नये. माझ्या व्यवसायबंधूंना सांगणे एवढेच की, दरखास्तीचा पहिला अर्ज जप्तीचा न करता नियम ४१ चा करावा. त्यात धनकोचा पैसा लवकर परत येतो आणि गरीब ऋणकोच्या घरावर अमीन विनाकारण जात नाही. या दोन्ही गोष्टी साधणारा दुसरा मार्ग संहितेत मला आढळलेला नाही.